टर्बो की सुपरचार्जर? आधी क्रँकला विचारा

प्रश्न: एका वाचकाकडे १९९१ सालची माझदा एमएक्स-५ आहे. १.६ लिटरचं इंजिन, पाच गिअर, उघडं छत. गाडी १ लाख ९० हजार किलोमीटर चालली आहे आणि इंजिन आजवर एकदाही उघडलेलं नाही. सुट्टीच्या दिवशी डोंगरातल्या वळणांच्या रस्त्यावर फेरी मारायची, एवढाच तिचा वापर. ‘वळणांवर हिच्यासारखी गाडी नाही, पण चढ लागला की तिसऱ्या गिअरमध्ये ओढच उरत नाही,’ असं ते लिहितात. त्यांना १०० बीएचपी (ब्रेक हॉर्सपॉवर, इंजिनाच्या ताकदीचं माप) वाढवायचे आहेत. त्यांच्या गॅरेजवाल्या मित्राकडे एका दोन लिटरच्या गाडीचा वापरलेला टर्बो (एक्झॉस्टवर फिरून इंजिनात हवा दाबून भरणारा पंप) पडून आहे आणि तोच बसवू, असा त्याचा आग्रह आहे. ऑफिसमधले एक जाणकार सांगतात की टर्बोने जुनं इंजिन फुटेल, सुपरचार्जर (तसाच पंप, पण इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा) लावा, त्यात लॅगही (पाय दाबल्यापासून जोर येईपर्यंतची दिरंगाई) नाही आणि धोकाही नाही. पुढच्या वर्षी लेकही ही गाडी चालवायला लागेल. गाडी विकायची नाही, आणखी वीस वर्षं ठेवायची आहे. काय बसवावं?

उत्तर: तुमच्या पत्रातल्या दोन इच्छा मी शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या. १०० बीएचपी वाढवायचे, आणि गाडी वीस वर्षं ठेवायची. दोन्ही रास्त, पण त्यांचं एकमेकींशी फारसं पटणारं नाही. २००४ साली माझदाने स्वतः टर्बो लावलेली एमएक्स-५ विकायला काढली. इंजिन १.८ लिटरचं, सगळं कोरं करकरीत, हाताशी कारखान्याची प्रयोगशाळा, आणि तरीही ते १७८ बीएचपीवर थांबले. तुमच्या गाडीची मूळ ताकद ११५च्या आसपास. त्यात १०० मिळवले की २१५ होतात, तेही तीस वर्षांहून जुन्या १.६ लिटर इंजिनातून. लोक एवढी ताकद काढतात, नाही असं नाही. पण ते इंजिन उघडून आत फोर्ज्ड (घडीव, जास्त मजबूत) पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड घालतात, आणि गिअरबॉक्स अधूनमधून बदलायचा भाग म्हणून धरून चालतात. तुम्हाला तसं करायचं आहे, असं पत्रावरून वाटत नाही.

आता तुमची मूळ तक्रार बघू, कारण आकडा नंतर आला, तक्रार आधीची आहे. तिसऱ्या गिअरमध्ये चढावर ओढ नाही. मूळ मापाच्या टायरवर ताशी ५० किलोमीटरला तिसऱ्यात हे इंजिन साधारण २६०० आरपीएमवर (मिनिटाला फेरे) असतं, दुसऱ्यात टाकलं की ३७००च्या आसपास. या इंजिनाचा सर्वांत जास्त टॉर्क, म्हणजे ओढ, ५५०० आरपीएमला आणि सर्वांत जास्त ताकद ६५००ला मिळते. म्हणजे गाडी जिथे झोपलेली असते, नेमकी तिथेच तुम्ही तिच्याकडे ओढ मागता. हे इंजिन फिरवायचंच आहे, आणि बऱ्याच जणांना जुन्या गाडीची काळजी वाटून तसं करवत नाही. गाडी गरम झाल्यावर ६५००पर्यंत नेलेलं तिला बाधत नाही. एक-दोन रविवार दुसऱ्या गिअरमध्ये चढ चढून बघा. एवढ्यानेच तक्रार निम्मी झाली, तर बाकीचा हिशोब वेगळा होईल.

तरीही कमी आरपीएमवर ओढ हवी असेल, तर ती मागणी आहे ‘खालून जोर’ अशी. शंभर बीएचपी ही मागणी आहे ‘वरून जोर’ अशी. हे लक्षात ठेवा, कारण टर्बो की सुपरचार्जर याचं अर्धं उत्तर इथेच आहे.

ऑफिसमधल्या जाणकारांचं म्हणणं आधी तपासू, कारण हा समज फार पसरलेला आहे: सुपरचार्जर सौम्य, टर्बो घातक. सिलिंडरच्या आतल्या पिस्टनला हवा कोणी दाबून पाठवली हे कळत नाही. त्याला कळतं ते दाब, तापमान आणि पेट्रोल किती आलं ते. बूस्टवर, म्हणजे दाबून भरलेल्या हवेवर, चालणारं इंजिन फुटतं ते बहुतेक वेळा दोन कारणांनी. मिश्रण लीन झालं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडलं. किंवा नॉकिंग झालं, म्हणजे ठिणगीने पेटवलेल्या ज्वाळेची वाट न बघता उरलेलं मिश्रण स्वतःच भडकलं. नॉकिंगने पिस्टनच्या रिंगांमधली पट्टी तुटते, हेड गॅस्केट जातं, बेअरिंग मार खातात. ही दोन्ही कारणं सुपरचार्जरलाही तितकीच लागू आहेत. उलट टर्बोचा बूस्ट वेस्टगेटच्या (टर्बाइनला टाळून एक्झॉस्ट सोडणाऱ्या झडपेच्या) आधारे कमी-जास्त करता येतो, नियंत्रण नीट असेल तर गिअरप्रमाणेही बदलता येतो. सुपरचार्जरचा बूस्ट पुलीच्या मापाने ठरतो आणि तो बदलायचा म्हणजे पुली बदला.

थोडं गणित करू, त्याने बरेच भ्रम उतरतात. समुद्रसपाटीला हवेचा दाब १४.७ पीएसआय (चौरस इंचाला पौंड) असतो. ७ पीएसआय बूस्ट दिला की दाब सुमारे ४८ टक्क्यांनी वाढला. पण हवा दाबली की तापते. बाहेर ३० अंश सेल्सिअस असेल, तर अगदी आदर्श यंत्रातही ती ३६ अंशांनी तापेल. साधा रूट्स पद्धतीचा सुपरचार्जर ६० टक्के कार्यक्षमतेचा धरला, तर वाढ ६० अंशांची, म्हणजे इंजिनात ९० अंशांची हवा जाणार. टर्बो ७२ टक्के धरला तर ८०. गरम हवा विरळ असते, त्यामुळे ४८ टक्के दाब वाढूनही रूट्समधून हवा जास्त मिळाली ती जेमतेम २३ टक्के. मध्ये इंटरकूलर (दाबलेली हवा थंड करणारा रेडिएटर) घालून हीच हवा ४५ अंशांवर आणली, तर वाढ ४० टक्क्यांच्या जवळ जाते, आणि नॉकिंगचा धोकाही उतरतो. त्यामुळे इंटरकूलरशिवायचं किट स्वस्त म्हणून घेऊ नका, मग ते कुठल्याही जातीचं असो. ७ पीएसआय आणि चांगला इंटरकूलर, इतक्यावर तुमच्या गाडीकडून १५० ते १६० बीएचपीची अपेक्षा ठेवता येते. ९५० किलोच्या आसपासच्या गाडीला एवढ्याने ओळख बदलल्यासारखी वाटेल.

दोघांच्या स्वभावाकडे येऊ.

सुपरचार्जर क्रँकच्या, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या, पुलीवरून पट्ट्याने फिरतो. रूट्स आणि स्क्रू या जाती प्रत्येक फेऱ्याला ठराविक हवा ढकलतात, म्हणून २५०० आरपीएमलाही बूस्ट जवळपास पुरता असतो. पाय दाबला की ओढ लगेच, आणि पायाच्या प्रमाणात. तुमच्या चढासाठी हे हवंहवंसं आहे. त्याबदल्यात तो इंजिनाचीच ताकद खातो. तुमच्या मापाच्या इंजिनावर ७ पीएसआयला दहाएक बीएचपी, कधी थोडे जास्त. तिसरी जात सेंट्रिफ्यूगल. तिला पट्टा असतो, पण चाक टर्बोसारखं असतं आणि बूस्ट आरपीएमच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे निम्म्या आरपीएमला पाव बूस्ट. नाव सुपरचार्जरचं असलं तरी खालून जोर तिच्याकडे मागू नका. वळणांच्या रस्त्यासाठी ती मला कधीच पटलेली नाही.

टर्बो वाया जाणाऱ्या एक्झॉस्टवर फिरतो. फुकट मात्र तोही नाही, कारण टर्बाइनमुळे एक्झॉस्टच्या वाटेत अडथळा येतो, पण एकूण हिशोबात तो सुपरचार्जरपेक्षा कमी खातो. लॅगची भीती बरीचशी जुन्या काळातली आहे. १९७०च्या दशकातल्या टर्बो गाड्यांत पाय दाबून वाट बघावी लागायची, कारण टर्बाइन मोठी आणि जड होती. आज १.६ लिटरला शोभेल असा छोटा, बॉल बेअरिंगचा टर्बो ३००० आरपीएमच्या आसपास पुरा बूस्ट देऊ शकतो. तुमच्या २६००ला तो नुकता जागा होत असेल. सुपरचार्जरइतकी तत्परता त्यात येणार नाही, पण ‘लॅगमुळे चालवताच येणार नाही’ हे म्हणणंही खरं नाही.

इथे तुमच्या मित्राचा टर्बो बाद होतो. दोन लिटरच्या इंजिनासाठी निवडलेला टर्बो १.६वर लावला की जागा व्हायला आणखी उशीर. ओढ मिळेल ती ४००० आरपीएमनंतर, आणि ज्या चढासाठी हा सगळा खटाटोप तिथे पूर्वीइतकीच मरगळ, कदाचित थोडी जास्तच. पडून आहे म्हणून बसवायचा, असं मित्राच्या प्रेमापोटी करू नका. टर्बोचाच निर्णय झाला, तर योग्य मापाचा घ्या. वापरलेला घ्यायचा झाला तर शाफ्ट बोटांनी हलवून बघा. बाजूला किंचित हलणं चालतं, पण पुढे-मागे जाणवण्याइतकं हललं, किंवा चाकाची पाती घराला घासल्याची खूण दिसली, तर तो परत करा. मॅनिफोल्डवर तडे आहेत का, तेही उजेडात बघा.

कारखाने हे काम कसं करतात ते पाहण्यासारखं आहे. टोयोटाचं ४ए-जीई इंजिन साधं असताना ९.४ कॉम्प्रेशनचं (पिस्टन मिश्रण किती पट दाबतो, ते प्रमाण) होतं. १९८६मध्ये त्याच इंजिनाला सुपरचार्जर लावून ४ए-जीझेडई केलं, तेव्हा कॉम्प्रेशन ८.०वर आणलं आणि पिस्टन फोर्ज्ड घातले. तुमच्याच इंजिनाच्या बी-६ घराण्यात माझदाने आपल्या ३२३ या गाडीसाठी टर्बो केला तेव्हा कॉम्प्रेशन ७.९ ठेवलं. तुमच्या गाडीत ते ९.४ आहे. म्हणजे बूस्टसाठी कारखान्याने जी जागा मोकळी करून ठेवली असती, ती तुमच्याकडे नाही, आणि ती कसर कमी बूस्ट, थंड हवा, भरपूर पेट्रोल आणि मागे घेतलेलं टायमिंग (ठिणगी थोडी उशिरा) यांतून भरून काढायची आहे. उलटं उदाहरण १९६२च्या ओल्ड्समोबिल जेटफायरचं. टर्बो लावून विक्रीला आलेल्या पहिल्या दोन मोटारींपैकी ती एक. कॉम्प्रेशन १०.२५ ठेवलं आणि नॉकिंग आवरायला पाणी आणि मिथेनॉलचं मिश्रण इंजिनात फवारायची सोय केली. मालक टाकी भरायलाच विसरायचे. पुढे कित्येक गाड्यांचे टर्बो काढून साधे कार्बोरेटर बसवावे लागले. मालकाच्या शिस्तीवर अवलंबून असलेली सुरक्षितता किती टिकते, ते यात आलं.

आता शीर्षकातल्या क्रँककडे. पट्टा आणि एक्झॉस्ट यांतला फरक तुमच्या गाडीच्या बाबतीत फार महत्त्वाचा आहे, आणि ना मित्राने ना जाणकारांनी त्याचा उल्लेख केला. पहिल्या काही वर्षांच्या १.६ एमएक्स-५मध्ये क्रँकशाफ्टचं पुढचं टोक आखूड होतं. त्यावर पुली आणि टायमिंगचं दातेरी चाक बसतं. ते चाक क्रँकवर पक्कं धरणाऱ्या छोट्या चावीची खाच झिजणं, हा या गाडीचा कुप्रसिद्ध दोष आहे. टायमिंग बेल्ट बदलताना मधला बोल्ट नीट घट्ट झाला नाही, की चाक कणाकणाने हलतं, खाच रुंदावते, आणि एक दिवस क्रँकच निकामी होतो. पुढे हे टोक लांब केलं गेलं. हा बदल १९९१च्या उत्पादनादरम्यान झाला, म्हणजे तुमची गाडी अलीकडची की पलीकडची, हे सालावरून सांगता येत नाही. ओळखायची खूण सोपी आहे: पुलीच्या मध्यभागी बाहेरून दिसणाऱ्या खाचा मोजा (या चावीच्या खाचेहून वेगळ्या). चार असतील तर टोक आखूड, आठ असतील तर लांब.

इंजिन चालू असताना पुली डगमगते का, तेही बघा. आणि टायमिंग लाइट लावून आयडलचं (इंजिन जागेवर मंद चालताना ठिणगी पडण्याचं) टायमिंग तपासा. या इंजिनाला ते १० अंश असायला हवं. ते जागेवर राहत नसेल, किंवा टायमिंगचा सेन्सर पार फिरवूनच जमत असेल, तर खाच झिजायला लागल्याची शंका घ्या. अशा झिजेत व्हॉल्व्हचं टायमिंग मागे पडतं आणि ओढ जाते. तुमची चढावरची तक्रार यातूनच आलेली असण्याचीही शक्यता आहे.

चार खाचा दिसल्या, तर सुपरचार्जरचा विचार सोडून द्या. पट्ट्याचा सगळा जास्तीचा ताण त्याच टोकावर येणार, आणि त्याच टोकाची खात्री नाही. इथे ‘सौम्य’ सुपरचार्जर टर्बोपेक्षा जास्त जोखमीचा ठरतो. आठ दिसल्या, तर दोन्ही दारं उघडी.

टर्बोची अडचण उष्णतेची. पेट्रोल इंजिनाच्या पूर्ण जोरावर टर्बाइनमध्ये शिरणारा वायू ९०० अंशांच्या आसपास असतो, आणि हा निखारा एका छोट्या बॉनेटखाली तीस वर्षं जुन्या रबरी होज आणि वायरिंगशेजारी बसणार. उष्णतारोधक पत्रे आणि वेष्टण यांवर कंजूषी नको. तुमचं स्टिअरिंग उजवीकडे असेल, तर या गाडीचा एक्झॉस्टही उजवीकडेच आहे आणि स्टिअरिंगचा दांडा तिथूनच खाली उतरतो. किट उजव्या स्टिअरिंगसाठी बनवलेलं आहे का, हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नका. टर्बोला ऑइल लागतं, आणि ते परत जातं ते फक्त उतारावरून वाहत. म्हणून परतीची नळी जाड हवी, सतत खाली उतरती हवी, आणि ऑइल चेंबरमध्ये तेलाच्या पातळीच्या वर उघडायला हवी. त्यासाठी चेंबरला भोक पाडावं लागतं. चेंबर उतरवून पाडा. ‘ड्रिलला ग्रीस लावून जागेवरच पाडतो, कीस आत जात नाही’ म्हणणाऱ्याला नमस्कार करून निघा.

काहीही बसवण्याआधी इंजिन बूस्ट सोसण्याच्या अवस्थेत आहे का, ते पाहायला हवं. इंजिन गरम करून, चारही प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडून प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे मीटरवर दिसणारा दाब, घ्या. आकडे किती आले यापेक्षा ते एकमेकांच्या किती जवळ आहेत ते महत्त्वाचं. सर्वांत कमी आकडा सर्वांत जास्तीच्या ९० टक्क्यांच्या आसपास तरी हवा. मग लीकडाउन चाचणी, म्हणजे सिलिंडरमध्ये दाबाची हवा सोडून किती गळते ते मोजणं. गळती १० टक्क्यांच्या आत असेल तर उत्तम, २० टक्क्यांच्या वर गेली की बूस्टचा विषय बंद, आधी इंजिनाचं काम. १ लाख ९० हजार किलोमीटरला हे इंजिन धडधाकट असू शकतं, ते मुळात दणकट आहे. पण अंदाजावर जाऊ नका.

थंडावा ही या गाडीची जुनी दुखरी बाजू आहे. हे इंजिन मुळात पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत आडवं बसायचं. एमएक्स-५मध्ये ते गाडीच्या लांबीच्या दिशेने बसवताना पाण्याची येण्याची आणि जाण्याची वाट दोन्ही पुढच्या बाजूला आली, त्यामुळे मागच्या चौथ्या सिलिंडरपाशी पाणी पुरेसं फिरत नाही. साध्या वापरात काही बिघडत नाही. बूस्ट आला की नॉकिंगची सुरुवात बहुधा तिथेच होते. पाण्याची बाहेर जाण्याची वाट मागच्या बाजूने वळवायचं किट मिळतं, आणि माझ्या मते ते बूस्टच्या किटआधी बसवावं. मूळ रेडिएटरची वरची प्लॅस्टिकची टाकी काळीची तपकिरी झाली असेल, तर ती तडकायच्या बेतात आहे असं समजा. होज सगळे बदला.

पेट्रोलचं गणितही असंच. मूळ इंजेक्टर मूळ ताकदीला पुरतील आणि वर थोडे, एवढ्याच मापाचे आहेत. १.६मधला झडपेचा एअरफ्लो मीटर पुरता उघडला की पुढे किती हवा आली हे संगणकाला कळतच नाही. जुन्या किटमध्ये यावर एक जुगाड असायचा: बूस्ट वाढला की पेट्रोलचा दाब वाढवणारा रेग्युलेटर. तो चालतो, पण कसाबसा चालतो, आणि टायमिंगचं काय ते कुणी बघत नाही. मोठे इंजेक्टर, चांगला पंप आणि प्रोग्रॅम करता येणारा ईसीयू (इंजिनाचा संगणक) हे किटच्या यादीतले सर्वांत महत्त्वाचे तीन भाग आहेत. पैसे कमी पडत असतील तर टर्बो किंवा सुपरचार्जर उशिरा घ्या, पण ईसीयू आधी घ्या; तो बूस्टशिवायही गाडी सुधारतो. वाइडबँड मीटर (एक्झॉस्टवरून हवा-पेट्रोलचं प्रमाण दाखवणारा) डॅशबोर्डवर कायमचा हवा. पूर्ण बूस्टवर हवा-पेट्रोलचं प्रमाण ११.५ ते १२च्या दरम्यान दिसायला हवं. ते १३कडे सरकताना दिसलं तर पाय तिथल्या तिथे काढायचा, आणि घरी परत येताना हळू यायचं. ट्यूनिंग करणाऱ्याला तुमच्या पंपावर मिळणारं पेट्रोल कुठल्या ऑक्टेनचं आहे ते सांगा आणि त्याच पेट्रोलवर मॅप (पेट्रोल किती आणि ठिणगी केव्हा, याचा ईसीयूमधला तक्ता) करून घ्या. क्लच घसरणार हे धरून चाला. १.६चा मागचा डिफरन्शियलही (मागच्या दोन चाकांना जोर वाटून देणारा गिअरचा डबा) नाजूक आहे, १९९४पासून १.८सोबत मोठा आला, आणि तो १.६मध्ये बसवता येतो. विम्याच्या कंपनीला बदल कळवणं आणि तुमच्या भागातले प्रदूषणाचे नियम पाहणं, हेही काम सुरू करण्याआधी.

लेकीबद्दल तुम्ही पत्रात एकच ओळ लिहिलीत, पण मला ती महत्त्वाची वाटली. मागच्या चाकांवर चालणारी, हलकी, ट्रॅक्शन कंट्रोल नसलेली गाडी. वळणाच्या मध्यावर पाय दाबला आणि टर्बोचा जोर अर्ध्या सेकंदाने एकदम आला, तर मागची बाजू सुटायला ओल्या रस्त्यावर फार काही लागत नाही. सवय झालेल्याला ते आवरता येतं. शिकणाऱ्याला त्या अर्ध्या सेकंदाचा अर्थ कळायला वेळ लागतो. ओढ पायाच्या प्रमाणात येते, ही सुपरचार्जरची बाजू इथे खरोखर वरचढ आहे. टर्बोच घेतलात, तर ईसीयूमध्ये दोन मॅप ठेवता येतात. एकात बूस्ट फक्त वेस्टगेटच्या स्प्रिंगइतका, तोही ४–५ पीएसआयची मऊ स्प्रिंग घालून. आणि माझं ऐकाल तर लेकीला पहिलं वर्ष गाडी आहे तशीच चालवू द्या. ११५ बीएचपीत ती तुमच्यापेक्षा चांगली चालवायला शिकेल, कारण चढावर तिला दुसरा गिअर टाकावाच लागेल.

माझा कौल असा. खाचा आठ, कॉम्प्रेशन चांगलं: रूट्स किंवा स्क्रू जातीचा सुपरचार्जर, ६–७ पीएसआय, इंटरकूलरसह. तुमच्या रस्त्याला आणि तुमच्या पायाला तो जुळतो, ऑइल चेंबरला भोक पडत नाही, आणि उद्या गाडी मूळ रूपात आणायची झाली तर तेही सोपं. खाचा चार, पण पुली स्थिर, टायमिंग जागेवर, कॉम्प्रेशन चांगलं: छोटा टर्बो, तेवढाच बूस्ट, आणि क्रँकचा बोल्ट ज्याने त्या दोषाबद्दल वाचलं आहे अशाच माणसाच्या हातून. खाचा चार आणि इंजिन थकलेलं: दोन्ही नको. नंतरच्या एमएक्स-५मधलं १.८ लिटर इंजिन डिफरन्शियलसकट शोधा. १२८ बीएचपी कागदावर फार दिसत नाहीत, पण खालचा टॉर्क जाणवण्याइतका वाढतो, ते या गाडीत फारशी कापाकापी न करता बसतं, आणि कॉम्प्रेशन ९.० असल्यामुळे पुढे कधी बूस्ट द्यायचा झाला तर तेच जास्त योग्य आहे. तुमचं मूळ इंजिन पुसून, तेल लावून कोपऱ्यात ठेवा.

हाच प्रश्न वेगळ्या गाडीबद्दल ज्यांना पडला आहे, त्यांच्यासाठी थोडं. कॉम्प्रेशन ११च्या घरातलं, उंच आरपीएमचं इंजिन असेल, तर पिस्टन बदलल्याशिवाय ५–६ पीएसआयच्या वर जाऊ नका. गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असेल, तर खालून एकदम येणारा टॉर्क स्टिअरिंग ओढतो. तिथे हळूहळू चढणारा बूस्ट बरा, आणि मी वर नावं ठेवलेला सेंट्रिफ्यूगल तिथे शोभतो. कार्बोरेटरची गाडी असेल, तर इंजेक्शन बसवण्याची तयारी नसताना बूस्टच्या वाटेला जाऊ नका. आणि ज्या जुन्या गाडीला कारखान्यानेच कधी टर्बो किंवा सुपरचार्जर दिला होता, तिथे कारखान्याने जे केलं तेच आधी बघा. पिस्टन, गॅस्केट आणि तेलाच्या वाटांचा अभ्यास कुणीतरी आधीच करून ठेवलेला असतो.

मित्राला सांगा, टर्बो अजून काही दिवस पडून राहू दे. त्याच्या गॅरेजमध्ये कॉम्प्रेशन मीटर आणि टायमिंग लाइट असेलच, आधी ते काढ. चार सिलिंडरचे चार आकडे, आयडलचं टायमिंग आणि पुलीवरच्या खाचांची संख्या मला लिहून पाठवा. किटची नावं त्यानंतर बोलू.